बादलीतला थोर

मामा आमच्याकडे राहायला आले ते एक पिशवी आणि एक बादली घेऊन. पिशवीत कपडे आणि बादलीत थोर. फर्दापूरपासून एसटीत ती बादली त्यांनी मांडीवर धरून आणली होती. काट्यांच्या भीतीनं शेजारी कुणी बसलंच नाही. रिक्षातून उतरता उतरता मला म्हणाले, "लई आरामात आलो बाई. दोन मानसांची जागा एकट्याला."

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मामा फर्दापुरात एकटेच राहायचे, स्वतःच्या हातानं भाकरी थापायचे. एकदा मोरीत पाय घसरून पडले, तेव्हा आमच्या ह्यांनी जाऊन बजावलं की आता पुरे, चला. मामा यायला तयार झाले, पण थोर घेऊनच. दारासमोरचा रस्ता रुंद झाला तेव्हा आत्याबाईंनी लावलेला मोठा थोर गेला होता. त्याचा एक फुटवा भिंतीच्या कडेला उरला होता. तो मामांनी मुळासकट काढला आणि आत्याबाईंच्या पत्र्याच्या बादलीत लावला.

थोर म्हणजे निवडुंगासारखं काटेरी झाड. जाड खोड, खोडाच्या कडांना जोडीजोडीनं काटे, शेंड्याला मांसल हिरवी पानं. कुठं जरा खरचटलं की पांढरं दूध गळतं, आणि ते दूध डोळ्यात गेलं तर माणूस दिवसभर बोंबलत बसतो. पूर्वी दाराशी थोर लावायचे, घराला नजर लागू नये म्हणून. सिडकोतल्या आमच्या रो हाऊसला कुणाची नजर लागणार होती देव जाणे, पण मामांनी बादली अंगणात उन्हाच्या जागी ठेवली आणि पायऱ्यांवर बसले.

आमच्या ह्यांनी विचारलं, "अण्णा, आता इथंच राहायचं ना?"

"थोर जगला तर राहीन," मामा म्हणाले. "नाय जगला तर मी आपला फर्दापूरला. त्याला शहर मानवलं तर मला बी मानवंल."

आम्हाला वाटलं, म्हातारा माणूस आहे, बोलतोय. पण मामांनी आपली पिशवी पुढच्या खोलीतल्या खुंटीला अडकवली आणि त्यातून कपडे काही बाहेर काढले नाहीत. रोज सकाळी एक सदरा काढायचे, रोज संध्याकाळी धुऊन वाळलेला सदरा घडी करून परत पिशवीत. कपाटातला खालचा खण मी त्यांच्यासाठी रिकामा करून दिला होता. त्यात त्यांनी रुमालसुद्धा ठेवला नाही. कधीही उठून निघता यावं अशी सगळी तयारी होती.

खरं सांगू का? त्या दिवशी मला वाटलं, मरेना का तो थोर. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. साड्यांना फॉल लावणं आणि पिको करणं हा माझा धंदा. बायका येतात, बसतात, बोलतात. तिथंच मामांची खाट पडली. मला बोलायला मोकळं राहीना, आणि मला मोकळं बोलता आलं नाही की माझं डोकं फिरतं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

पहिलं भांडण बादलीवरूनच झालं. मी म्हटलं, मामा, बादलीला खाली भोक पाडायला पाहिजे, पाणी निघून गेलं नाही तर मुळं सडतील. मामा माझ्याकडं असं बघत राहिले, जसं काही मी आत्याबाईंच्या फोटोला खिळा ठोकायला निघाले होते. "तिच्या बादलीला भोक पाडायचं? चाळीस वरसं एक थेंब गळाला नाय तिच्यातून." मी उगी राहिले. आयुष्यात एकदा मी वादातून माघार घेतली आणि तीच नेमकी चुकीच्या जागी.

मामा तीस वर्षं अजिंठ्याच्या लेण्यांत पहाऱ्याला होते. लोकांनी भिंतींवरच्या चित्रांना हात लावू नये हे बघणं त्यांचं काम. ते वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की थोराजवळून कुणीही गेलं की खाटेवरून आवाज यायचा, "हात लावू नका!" गॅस सिलिंडरवाला, दूधवाली, शेजारची मांजर, सगळ्यांना तेच. दूधवाली एकदा म्हणाली, "बाबा, तुमच्या झाडाला सोनं लागलंय काय?" मामा म्हणाले, "सोनं नाय, दूध हाय. पर तुझ्यापेक्षा घट्ट." ती अशी हसत सुटली, की तिच्या हातातलं माप हिंदकळलं.

मामांशी माझं जमलं ते एका जांभळ्या साडीमुळं. साडीला दोरा जुळवायचा म्हणजे मला साडी उजेडात न्यावी लागते, दारात उभं राहून रीळ लावून बघावं लागतं. त्या दिवशी दारात ऊन होतं, मी आतच बसून रीळ निवडलं. खाटेवरून मामा म्हणाले, "तो नको. ह्या साडीत लाल हाय जरासा. तो डाव्या हाताचा घे." मी म्हटलं, मामा, एवढ्या अंधारात तुम्हाला काय दिसतंय? तरी उठून दारात गेले आणि उन्हात बघितलं. डाव्या हाताचं रीळ साडीत असं मिसळून गेलं, की शोधावं लागलं.

"लेण्यात उजेड कुठं असतो बाई," मामा म्हणाले. "तीस वरसं अंधारातच रंग बघितले. दुसरं काम काय होतं?"

त्या दिवसापासून रिळं जुळवायचं काम मामांचं. बायका साडी माझ्याकडं न देता थेट खाटेवर ठेवायला लागल्या. मामा साडीचा पदर दोन बोटांत धरायचे, मान वाकडी करायचे आणि बोलायचे, "मोरपंखी, पर जुना." रीळ चुकलं असं एकदाही झालं नाही. दुपारी आम्ही दोघं चहा घ्यायचो आणि भांडायचो. साखर किती, पंखा किती, बातम्या कुठल्या लावायच्या. माझे वडील मी लहान असतानाच गेले. भांडायला घरात असं मोठं माणूस असणं ही काय चैन असते, ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं. मग मात्र मला थोराची काळजी लागली. तो जगलाच पाहिजे होता.

आणि दिवाळी झाली तशी त्याची पानं गळायला लागली.

आधी खालची दोन पिवळी पडली. मग रोज एक. मामा सकाळी उठून अंगणात जायचे, पडलेलं पान उचलायचे आणि पायरीच्या कडेला ओळीनं ठेवायचे. कुणाला काही बोलायचे नाहीत. रीळ जुळवताना मात्र एकदा दोनदा म्हणाले, "बाई, पिवळ्या खोक्यातल्या रिळांवर रंगाची नावं लिहून ठीव. मी नसलो तर तुला सापडायचे नाय." मी म्हटलं, "कुठं जाताय तुम्ही?" ते पुढचं रीळ शोधायला लागले.

आता आमच्या शहराच्या पाण्याचं सांगितलं पाहिजे. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. पाण्याचा दिवस म्हणजे घरात लगीनघाई. टाकी, पिंप, हंडे, कळश्या, पातेली, सगळं भरायचं. आणि नवं पाणी आलं की जुनं लगेच शिळं होतं. आठ दिवस जिवापाड जपलेलं, भांडी विसळताना मोजून वापरलेलं तेच पाणी नळाची धार सुरू झाल्याबरोबर कुणाला नकोसं होतं. मग ते अंगणात ओत, पायऱ्यांवर ओत, झाडांना ओत. कुणाला सांगून पटायचं नाही, पण आमच्या गल्लीतली झाडं आठवडाभर तहानेनं मरतात आणि पाण्याच्या दिवशी बुडून मरतात.

मी काय केलं असेल ते सांगायला नकोच. मामा न्हाणीत गेले की पिंपाच्या तळाचं सगळं शिळं पाणी मी थोराच्या बादलीत ओतायची. दर पाण्याच्या दिवशी. चोरून, कारण मामांची "हात लावू नका" ही ताकीद होती. पानं गळतायत म्हणजे तहान लागली असणार, एवढी साधी माझी अक्कल. थोर आणखी पानं टाकायचा. मी आणखी पाणी घालायची.

संक्रांत झाली, त्याच्या पुढचा पाण्याचा दिवस. सकाळी नळ आला. मामा चहा पीत होते तेवढ्यात मी माझा हंडा रिकामा केला आणि साळसूदपणे मशीनवर जाऊन बसले. माझ्या खिडकीतून अंगण दिसतं. आमचे हे वाळूजला कंपनीत आहेत, रात्रपाळी करून तेव्हाच घरी आले. डबा पायरीवर ठेवला, इकडंतिकडं बघितलं, पिंपातून मगा भरला आणि थोराला घातला. मग दुसरा. मग तिसरा. मी बघतच राहिले. ते आत आले, तोंड धुवायला गेले, आणि मामा बाहेर पडले. मामांच्या हातात तांब्या.

"थांबा! मामा, थांबा! तो तांब्या खाली ठेवा आधी!" मी असं ओरडले, की समोरच्या घरातली बाई गच्चीवरून डोकावली.

अंगणात आम्ही तिघं उभे. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "मामा, तुम्ही कधीपासून पाणी घालताय?"

"पानं गळाया लागली तवापासून."

"आणि अहो, तुम्ही?"

"मी पण," हे टॉवेलात तोंड लपवून म्हणाले. "अण्णा जातील म्हणून."

मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले. म्हटलं, "मी पण. हंडाभर. दर खेपेला."

ह्यांनी बादली तिरकी केली. आतून काळं, घाण वासाचं पाणी आलं. थोराचं खोड खालून तपकिरी झालं होतं. मी काठीचं टोक लावलं तर ते आतच गेलं. सगळं शहर पाण्याच्या नावानं बोंब मारतंय, आणि आम्ही तिघांनी मिळून एक थोर पाण्यात बुडवून मारला. दुसऱ्या कुणाच्या घरातली गोष्ट असती तर मी पोट धरून हसले असते.

मामा आत गेले. खुंटीवरची पिशवी काढली आणि खाटेवर ठेवली. "उद्या सकाळच्या गाडीनं जातो," म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. ते ऐकून मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी भडकते. मशीनवर माझी कापडाची मोठी कात्री पडली होती. कुजलेलं कापड कापून टाकायचं आणि चांगल्याला टीप घालायची, एवढंच मला येतं. मी हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, ह्यांचा कंपनीतला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कात्री घेऊन अंगणात गेले.

मागून मामा आले ते ओरडतच. "हात लावू नको! बाई, हात लावू नको त्याला!"

"मामा, हे लेणं नाही," मी म्हटलं. "हात नाही लावला तर मरेल ते."

आणि कापलं. पहिल्या कापाला आत तपकिरी निघालं. बोटभर वर सरकून परत कापलं, तरी डाग होता. तिसऱ्या खेपेला आतून स्वच्छ हिरवट पांढरं निघालं आणि दुधाच्या धारा लागल्या. माझ्या हातात हातभर लांबीचा, बिनपानाचा, काटेरी दांडका राहिला. मामा पायरीवर खाली बसले.

रोपं विकणारी एक बाई माझी गिऱ्हाईक आहे. तिला लगेच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला. ती म्हणाली, कापाला राख लावा, तीन आठवडे सावलीत नुसता पडू द्या, पाणी दाखवू नका, मग भोकाच्या कुंडीत मुरूम आणि वाळू घालून लावा. मी विचारलं, "पण त्याची पानंच गळत होती, त्याचं काय?" तिकडून ती हसायला लागली. "अहो ताई, थोर थंडीत पानं टाकतोच. दरसाल टाकतो. उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात."

मी मामांकडं बघितलं. मामांनी पायरीच्या कडेचं एक वाळकं पान उचललं.

"तीस वरसं दारात होता," मग म्हणाले. "अंधार असताना ड्युटीला जायाचं, दिवस मावळता यायाचं. लेण्यातल्या भिंतीवरच्या झाडाचं कुठलं पान कुठं उडालंय ते मला ठावं. अन् तिनं लावलेल्या झाडाची पानं दरसाल गळत्यात, ते मी कधी बघितलंच नाय. लोटाभर पाणी घातलं नाय त्याला कधी. म्हनून इथं घालीत होतो."

माझा सगळा राग कुठच्या कुठं गेला. मी चहा टाकला. त्या दिवशी साखरेवरून कुणी भांडलं नाही.

दांडका फडताळावर वर्तमानपत्रावर ठेवला. आता पंचाईत अशी झाली, की तो मेला म्हणावं तर मेला नव्हता, आणि जगला म्हणावं तर जगला नव्हता. मामांना गाडी धरता येईना. "तीन आठवडे बघतो," म्हणाले. पिशवी परत खुंटीला गेली, कपडे होते तसे आत. तीन आठवड्यांत पाण्याचे दोन दिवस आले. दोन्ही वेळा मामा सकाळपासून फडताळासमोर खुर्ची टाकून बसले आणि माझ्याकडं आणि स्वतःच्या लेकाकडं चोराकडं बघावं तसं बघत राहिले. शिळं पाणी आम्ही निमूटपणे पायऱ्यांवर ओतलं.

शिवरात्रीच्या सुमाराला कापाला पांढरी टणक खपली धरली. मातीची कुंडी आणली, तळाला चांगलं अंगठ्याएवढं भोक. मुरूम, वाळू आणि मूठभर माती. आत्याबाईंच्या बादलीला कुणी भोक पाडलं नाही, ती घासून परत नळाखाली गेली, तिच्या मूळच्या कामाला. दांडका कुंडीत उभा केला तेव्हा मामांनी माझा हात धरून भोवतालची माती माझ्याच हातानं दाबायला लावली. म्हणाले, "तूच दाब. कापलाय तू."

मग वाट बघणं. होळी जवळ आली, ऊन चढलं. मी रोज उठून आधी कुंडी बघायची. दांडका तसाच, ढिम्म. पान नाही, कोंब नाही. मामा त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. मला वाटायचं, ते मनातल्या मनात दिवस ठरवतायत. विचारायची माझी हिंमत होत नव्हती. आणि माझी हिंमत होत नाही अशा गोष्टी फार नाहीत.

होळीच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आले. लग्नसराईच्या साड्या साचल्या होत्या, घाईनं मशीनवर बसले आणि बघते तर पिवळं खोकं जागेवर नाही. रिळं गायब. मी तिथूनच आवाज चढवला, "मामा! माझी रिळं कुठं ठेवली?"

"तिथंच हायेत की. खुंटीला."

खुंटीला मामांची पिशवी होती. मी हात घातला तर आत रिळं. लाल लालांत, निळी निळ्यांत, रंगारंगानं बांधलेली. एक सदरा नाही, एक धोतर नाही.

"खोकं फाटलं होतं," मामा म्हणाले. "पिशवी चांगली मजबूत हाय. रिळांना बरी."

"आणि तुमचे कपडे?"

"कपाटात. खालच्या खणात जागा होती."

मी उठले आणि पळतच अंगणात गेले. म्हटलं, फुटलं! पान फुटलं! कुंडीपाशी वाकून बघितलं, चष्मा लावून बघितलं, पलीकडच्या बाजूनं फिरून बघितलं. काही नाही. होता तसा उघडा दांडका. मी परत आत आले.

"मामा, पान तर नाही आलं."

"नाय आलं."

"जगलाय का मेलाय तेही कळत नाही अजून."

"नाय कळत."

"मग कपडे कपाटात कसे?"

मामांनी मशीनवरची साडी ओढून घेतली, पदर दोन बोटांत धरला, मान वाकडी केली. "थोराचं काय घेऊन बसलीस. येईल पान तवा येईल," ते म्हणाले. "पर पहाऱ्याला कुनीतरी पायजे ना इथं. मी गेलो तर तुम्ही लोक त्याला परत पानी घालाल. हिला पिकल्या आंब्याच्या रंगाचं रीळ लाव, हळदीचं नको."

मी रडले, चक्क रडले, आणि मामा ते न बघितल्यासारखं करून पिशवीत रीळ शोधत राहिले. सापडलं तेव्हा माझ्यापुढं धरलं. आंब्याचंच होतं.

पान पाडव्यानंतर आलं. शेंड्यापाशी, गव्हाच्या दाण्याएवढं. पहिल्यांदा ते दूधवालीला दिसलं आणि तिनं बोट पुढं केलं. खाटेवरून लगेच आवाज आला, "हात लावू नका!"